बर्फ उडवणारं ते ‘इंजिन’ स्वतः धावत नाही

‘बर्फ वितळवत धावणारं वाफेचं इंजिन’ म्हणून एक व्हिडिओ फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चूक. तो रोटरी स्नोप्लाऊ आहे, म्हणजे फिरत्या पात्यांनी रुळांवरचा बर्फ हटवणारं यंत्र. बॉयलर आहे, धूरही निघतो; पण ती वाफ फक्त पुढचं पात्यांचं भलंमोठं चाक फिरवते, रुळांवरच्या चाकांना मिळतच नाही. मागून एक-दोन, कधी त्याहून जास्त इंजिनं ढकलतात, तेव्हा तो सरकतो. बर्फ वितळतही नाही. पाती तो कापतात आणि वरच्या तोंडातून लांब भिरकावतात. डावीकडे की उजवीकडे, ते चालक ठरवतो. मूळ कल्पना १८६९ची, कॅनडातल्या जे. डब्ल्यू. एलियट यांची. हे गृहस्थ चक्क दातांचे डॉक्टर! बर्फ थोडा असेल तर मात्र साधा पाचरीसारखा नांगरच पुरतो.