नाटक मदतीचं, वसुली खजिनदाराची

सेवाभावी क्लबात अध्यक्षाच्या गळ्यात पट्टा पडतो, सचिवाच्या हाती इतिवृत्ताची वही येते आणि खजिनदाराला एक पुठ्ठ्याचा खोका मिळतो. त्यात अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं, वाळलेलं स्टॅम्प पॅड, मागच्या अध्यक्षांच्या नावाचा शिक्का आणि रबर लावून ठेवलेली कसलीतरी बिलं असतात. ती कसली, हे विचारायचं नसतं. क्लब लायन्सचा असो, रोटरीचा असो, नाहीतर १९७२ साली नाना चुडासमांनी मुंबईत सुरू केलेल्या जायंट्सचा. लेटरहेडवरचं चिन्ह बदलतं, खोका तोच.

लायन्स आणि रोटरी, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहणाचे हार सुकायच्या आत कार्यकारिणीत कोणीतरी म्हणतं, "यंदा काहीतरी भव्य करू या." भव्य म्हणजे मदतीसाठी नाटक. हे वाक्य बोलणारा माणूस पुढे तिकीट समितीत कधीच सापडत नाही.

पैसा लागतो हे मात्र खरं. सदस्यांच्या वर्गणीतला बराच भाग वर डिस्ट्रिक्टला (म्हणजे क्लबांच्या विभागाला) आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाला जातो, उरलेला सभेच्या जेवणात. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा रीतसर पदाधिकारी असतो. सभेत सदस्यांना किरकोळ दंड करणं हे त्याचं काम: क्लबची पिन लावली नाही, दंड; लग्नाचा वाढदिवस लपवला, दंड. पण एका सभेत एकाच सदस्याला दोनापेक्षा जास्त वेळा दंड करता येत नाही, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर सदस्यांचं एकमत लागतं. एरवी चहात साखर किती यावरही न होणारं एकमत अशा वेळी चटकन होतं. तरी दंडाच्या पैशात फार तर फळवाटप बसतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करून द्यायच्या (१९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहायचं आवाहन केलं, तेव्हापासून यांच्या ठरावात डोळे येतातच) तर लोकांसमोर हात पसरावा लागतो.

आणि लोकांचा पैसा आला की खाती दोन होतात. एक प्रशासनाचं, एक सेवाकार्याचं. लोकांकडून गोळा केलेल्या रकमेतून त्या कार्यक्रमाचा थेट खर्च तेवढा वजा करायचा, बाकी सगळं सेवेकडे. सभेचं जेवण, अध्यक्षांचा फ्लेक्स, पाहुण्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची गाडी यातलं काही त्यातून निघत नाही. हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तरी दर सभेत एक जण विचारतो, "तात्पुरतं इकडून घेऊन तिकडे टाकलं तर?" खजिनदाराने अशा वेळी कानात हवा जात असल्यासारखं पंख्याकडे बघावं.

आता गणित. समजा नाट्यगृह ७०० खुर्च्यांचं आहे. ५०० रुपयांच्या १००, ३०० च्या ३०० आणि २०० च्या ३०० प्रवेशिका धरल्या तर कागदावर दोन लाख होतात. कागद इथेच घडी करून ठेवावा. कारण निर्मात्याला प्रयोगाची ठरलेली रक्कम आधी द्यावी लागते, तिकिटं विकोत वा न विकोत; यालाच कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतात. मग नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, कलाकार आणि पडद्यामागची मंडळी मिळून पंचवीस-तीस जणांचं जेवण, लांबून येणार असतील तर लॉज. शिवाय फुकट पासांना दोन रांगा जातात. वीज, पोलीस, पालिका, पत्रकार, नाट्यगृहाचे कर्मचारी आणि ध्वनिवाल्याचे सासू-सासरे. म्हणजे तिकिटं सगळी विकली तर खर्च निघतो. सेवाकार्याचा पैसा येतो स्मरणिकेतल्या जाहिरातींतून. हे पहिल्याच सभेत सांगितलं तर नाटक रद्द होईल, म्हणून कोणी सांगत नाही.

दर ठरवताना एक बारीक गोष्ट. देणगी म्हटली की आपला हात आपोआप ५०१ लिहितो. पण नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. वर गेलं की लागतो. तेव्हा या एका ठिकाणी वरचा शुभ रुपया घ्यायचा नाही.

प्रवेशिका छापताना प्रत्येक दराचा रंग वेगळा आणि अक्षरमालिकाही वेगळी हवी: गुलाबी अ, पिवळा ब, निळा क. नुसता रंग बदलून नंबरिंग तिन्ही गठ्ठ्यांवर ००१ पासून मारलं, तर काउंटर फॉइल (बुकात उरणारा तुकडा) काळ्या शाईत असतं आणि हिशोबाच्या दिवशी तीन ०४७ समोर येतात. बुक वीस पानांचं पुरे. पन्नासचं बुक पाहून सदस्य घाबरतो आणि ते गाडीच्या डॅशबोर्डात ठेवतो, तिथे उन्हाने गुलाबीची पिवळी होते. कोणाला अमुक ते अमुक क्रमांक दिले, तारीख, सही, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहावं. पहिल्या बुकाची फॉइल्स आणि रोकड आल्याशिवाय दुसरं बुक द्यायचं नाही, असा नियम करावा. तो पाळायचा प्रयत्न केला की "आमच्यावर विश्वास नाही का?" हे ऐकून घ्यावं आणि दुसरं बुक द्यावं.

विक्रीच्या तऱ्हा पेशाप्रमाणे. डॉक्टर सदस्य स्वतः काही विकत नाहीत. बुक टेबलावर दिसेल असं ठेवतात, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन जातात आणि आठवड्यात बुक संपतं. सीए सदस्यांचं बुक रिटर्न भरायच्या हंगामात आपोआप हलतं. बिल्डर दहा तिकिटं एकरकमी घेतात आणि साइटवरच्या सुपरवायझरांना वाटतात. इथेच घात होतो. पैसे मिळाले, पण सुपरवायझर नाटकाला येत नाही. बाहेर हाउसफुल्लचा फलक, आत मधल्या चार रांगा रिकाम्या. घाऊक गिऱ्हाइकाला म्हणून एका पट्ट्यात सलग खुर्च्या देऊ नयेत; कडेच्या आणि मागच्या अशा विखरून द्याव्यात. रिकामी खुर्ची विखुरलेली असली की कलाकाराला खुपत नाही.

बाजारपेठेत वर्गणी आणि जाहिराती मागायला जाणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. भवानी व्हायच्या आधी दुकानाची पायरी चढू नये. दुपारी बारा-एकची वेळ बरी, कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि मालकाला जेवायला जायची घाई असते. दोघांनी जावं: एक ओळखीचा, एक पावती लिहिणारा. ओळखीच्याची त्या दुकानात उधारी नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. नाहीतर क्लबची देणगी परस्पर त्या खात्यात वळती होते.

सगळ्यात महत्त्वाची पहिली पावती. देणारा पेन हातात घेण्याआधी पुस्तक मागतो आणि पानं उलटी चाळतो. शेजारच्याने ५०१ दिले असतील तर हाही ५०१ देणार. एक रुपया जास्त नाही, कमीही नाही. म्हणून क्रमांक एकची पावती गावातल्या सगळ्यात सढळ माणसाची फाडायची, तो बाहेरगावी असेल तर थांबायचं. १,००१ ने सुरू झालेलं पुस्तक आणि २०१ ने सुरू झालेलं पुस्तक, यांची शेवटची बेरीज एकाच रस्त्यावर फिरून वेगळी येते.

गल्ल्याशेजारी भिंतीला खिळ्यावर एक तार असते, तिला खालपासून वरपर्यंत पावत्या टोचलेल्या. दहीहंडी, गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, भंडारा, क्रिकेटची टेनिस बॉल स्पर्धा. मालक बोलत नाही, नुसती तार बोटाने हलवतो. या युक्तिवादाला उत्तर नाही. आपली पावती त्या तारेवर मावेल एवढीच मागावी आणि निघावं.

पावतीपुस्तक कार्बनचं असेल तर नवशिक्या स्वयंसेवकाला कार्बनची बाजू दाखवून द्यावी. तो उलटा लागला की देणगीदाराच्या पावतीच्या पाठीवर सगळा मजकूर आरशातल्यासारखा उमटतो आणि आपली स्थळप्रत कोरी करकरीत राहते. अशी सलग वीस पानं झाली की वीस दुकानांत जाऊन "तुम्ही किती दिले होते?" हे विचारावं लागतं. उत्तरांची बेरीज रोकडीपेक्षा नेहमी जास्त भरते.

"एटी-जी आहे का?", म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळेल का, हा प्रश्न देणगीदार रक्कम ठरवण्याआधी विचारतो. क्लबाच्या नावावर सहसा नसतं, क्लबाच्या धर्मादाय ट्रस्टकडे असतं. ट्रस्टचं खातं वेगळं, पावती वेगळी. शिवाय दोन हजारांवरची देणगी रोखीने दिली तर सवलत नाही, नव्या करप्रणालीत गेलेल्याला मुळातच नाही, आणि ज्या पैशाच्या बदल्यात नाटक बघितलं ती निव्वळ देणगी कशी म्हणायची, हा प्रश्न उरतोच. एवढं समजावेपर्यंत समोरचा म्हणतो, "राहू द्या, दोनशेचं एक द्या." पॅन मागितला की तेही राहतं.

यूपीआयने सोय झाली, पण क्यूआर कोड क्लबच्या खात्याचाच हवा. उत्साही सदस्य स्वतःच्या नंबरवर पैसे घेतात आणि "एकदम ट्रान्सफर करतो" म्हणतात. ते एकदम म्हणजे केव्हा, हा खजिनदाराच्या आयुष्यातला मुख्य विषय होतो. क्लबच्या खात्यावर आले तरी पासबुकात बारा आकडे आणि पाठवणाऱ्याच्या मेव्हण्याचं नाव दिसतं. पाठवताना शेऱ्यात प्रवेशिकेचा क्रमांक टाकायला सांगावं. लोक तिथे "ऑल द बेस्ट" टाकतात.

आता स्मरणिका. मागचं मुखपृष्ठ सर्वांत महाग, मग आतली दोन मुखपृष्ठं, मग पूर्ण पान, अर्धं, पाव, आणि शेवटी "शुभेच्छुक" म्हणून एका ओळीत नाव. मागच्या मुखपृष्ठाचा शब्द दोघांना देऊन बसलेला सदस्य प्रत्येक क्लबात असतो. पानं चारच्या पटीत लागतात, कारण पिनेने शिवायच्या अंकात एका कागदाची चार पानं होतात. जाहिराती आणि संदेश मिळून सदतीस पानं भरली तर चाळीस छापावी लागतात. उरलेल्या तीन पानांवर मराठी साहित्याचा भार पडतो. सदस्यांच्या सौभाग्यवतींच्या कविता, "हसा आणि लठ्ठ व्हा" आणि अगदीच काही नसेल तर "टिपणासाठी" असं लिहिलेलं रिकामं पान. माझ्या मते वाचनीयतेत शेवटचं वरचढ ठरतं.

जाहिरातीचा मजकूर म्हणून दुकानदार व्हिजिटिंग कार्ड देतो. "यावरूनच करा." कार्डावरचा एक नंबर त्याने पेनाने खोडून दुसरा लिहिलेला असतो, त्यातला सात की एक हे त्यालाही सांगता येत नाही. लोगो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून येतो आणि छापल्यावर ठिपक्यांची रांगोळी दिसते. तोच डॉक्युमेंट म्हणून मागवला की फाइल मूळ आकारात येते. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) लागतं, हे दुकानदाराला सांगू नये, त्याला वाटतं वेगळे पैसे लागतील. प्रूफ मात्र छापील कागदावर, सहीनिशी तपासून घ्यावं. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात, रफार मागच्या अक्षरावर जाऊन बसतो. आणि नंबरातला एक आकडा चुकला की जाहिरातीचे पैसे बुडाले. ते गृहस्थ पुढच्या वर्षीही तोच अंक काढून दाखवतात. पैसे तसेही छापल्यानंतरच मिळतात: "अंक दाखवा, मग बघू." प्रती मोजून जाहिरातदारांसाठी आधी बाजूला काढाव्यात. प्रयोगाला आलेले लोक स्मरणिकेने वारा घेतात आणि ती खुर्चीवर सोडून जातात.

प्रयोगाच्या दिवशी दुपारीच नाटक कंपनीचा टेम्पो येतो आणि नेपथ्य उभं राहू लागतं. तेव्हापासून चहा चालू. वडे विकून चार पैसे करू, असा ठराव झाला असेल तर तो विसरावा. नाट्यगृहाच्या कँटीनचा ठेका दिलेला असतो आणि ठेकेदाराला आपल्या किटलीचाही राग येतो. संध्याकाळी पाचला सदस्य न विकलेली बुकं परत आणतात. रजिस्टरमध्ये हीच बुकं "संपली" म्हणून नोंदलेली असतात. परतीची मुदत आठ दिवस आधीची ठेवावी. म्हणजे बुकं निदान दोन दिवस आधी येतात.

पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी. मान्यवर येत नाहीत, त्यांचे वाहनचालक येतात. तिसरी घंटा झाल्यावर दहा मिनिटं वाट बघून मागच्यांना पुढे सोडावं. आधी सोडलं की मान्यवर नेमके तेव्हाच उगवतात. मध्यंतराला पंधरा मिनिटं ठरलेली असतात. त्यात अध्यक्षांचं मनोगत, प्रकल्पाची माहिती, कलाकारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग राहिलेल्या देणगीदारांचा, मग आभार मानणाऱ्याचे आभार. चाळिसाव्या मिनिटाला विंगेतून कंपनीचा व्यवस्थापक घड्याळावर बोट आपटून दाखवतो, कारण त्याला रात्रीत सेट भरून पुढचं गाव गाठायचं असतं आणि नाट्यगृहाची वेळ संपली की जादा भाडं आपल्या माथी. सत्कार मध्यंतरात घ्यायचेच असतील तर माइक खजिनदाराने धरावा आणि बंद करायचं बटण अंगठ्याखाली ठेवावं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या ग्रुपवर फोटो येतात, अंगठे येतात, पुढच्या वर्षी दोन प्रयोग लावायची सूचना येते. पैसे तेवढे येत नाहीत. फोन करावा तर सकाळी "ओपीडीत आहे", दुपारी "जेवतोय", संध्याकाळी "तुलाच फोन करणार होतो". दिवाळीच्या आधी "दिवाळी होऊ दे", नंतर "मार्चएंड होऊ दे". तोवर रुग्णालयाचं शस्त्रक्रियांचं बिल आलेलं असतं, ते तारखेला भरावं लागतं, आणि प्रशासनाच्या खात्यातून "तात्पुरतं" उचलायची कल्पना या खेपेला खुद्द खजिनदाराच्या मनात येते.

३० जूनला खोका नव्या खजिनदाराकडे जातो, वर "येणे बाकी"ची एक यादी चिकटवलेली. यादीतलं पहिलं नाव बहुधा नव्या अध्यक्षांचंच असतं, पुढे दोन बुकं, चाळीस प्रवेशिका. आणि पदग्रहणाच्या जेवणाची आगाऊ रक्कम कुठल्या खात्यातून द्यायची, हे विचारायला १ जुलैला पहिला फोन त्यांचाच येतो.