रस्ता राखणार कोण?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावलं तर वारसांना ६ लाख रुपये द्या, जखमी झालं तर ५० हजार ते अडीच लाख. त्या आठवड्यात साताऱ्याहून दादाचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. "आता ठेकेदाराच्या खिशाला चाट बसली की येतील सगळे ताळ्यावर," म्हणाला. दादा आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत दोन वेळा सदस्य होता, त्यामुळे ठेकेदार या प्राण्याबद्दलचं त्याचं ज्ञान पुस्तकी नाही.

निकाल योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जो वाद झडला, तो मला पाठ झालेला आहे. डांबरी की काँक्रीट? टक्केवारी कोणी खाल्ली? काळ्या यादीत कोणाला टाकलं? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून दर गणपतीला "चतुर्थीच्या आत खड्डे बुजवू" हे वाक्य ऐकतेय. या सगळ्या वादात रस्ता बांधणारा असतो, पैसे खाणारा असतो, रिबीन कापणारा असतो. खड्डा वाटीएवढा असताना ज्याने तो बुजवायला हवा होता असा एक माणूस मात्र कुठेच नसतो. तो चुकला असंही कोणी म्हणत नाही, कारण तो नेमलेलाच नाही.

मी राहते व्हरमाँटमध्ये. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं डोंगराळ राज्य, वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास. माझ्या घरापुढचा रस्ता कच्चा आहे. हे भारतात कोणाला पटत नाही. आत्याला तर वाटतं मी काहीतरी लपवतेय. पण या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते आजही खडी-मातीचे आहेत, आणि बहुतेक रस्त्यांची जबाबदारी राज्याकडे नसून त्या त्या गावाकडे आहे. आमच्या गावात त्यासाठी तीन-चार माणसांची टोळी आहे, एक फोरमन, दोन मोठे ट्रक, एक ग्रेडर, म्हणजे लांब पात्याने रस्ता सारखा करणारं यंत्र, आणि एक खोदाईचा बॅकहो. गावाच्या गॅरेजात मिठाचा आणि वाळूचा डोंगर. बस, एवढंच.

हिवाळ्याचं काम सगळ्यांना दिसतं म्हणून त्याचं कौतुक जास्त. बर्फ पडत असेल तर पहाटे तीन-चारला ट्रक निघतात, कारण साडेसहाला शाळेची बस यायची असते. पारा साधारण उणे ९ सेल्सिअसच्या खाली गेला की नुसतं मीठ चालत नाही, मग वाळू टाकतात. मीठ जास्त झालं तर ओढ्यात आणि विहिरीत उतरतं, कमी झालं तर गाड्या घसरतात, आणि दोन्ही बाजूंनी शिव्या खाणारा माणूस एकच.

खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. इथे त्याला चिखलाचा मोसम म्हणतात आणि तो पाचवा ऋतू असल्यासारखा मानतात. हिवाळ्यात जमीन तीन-चार फूट खोलवर गोठलेली असते. ऊन पडू लागलं की वरची वीतभर वितळते, खालचं तसंच दगडासारखं. वितळलेल्या पाण्याला खाली मुरायला वाटच नाही. मग जो रस्ता फेब्रुवारीत काँक्रीटसारखा टणक होता त्यात एप्रिलमध्ये गाडी अॅक्सलपर्यंत रुतते. लोक गाडी खाली डांबरी रस्त्याच्या कडेला लावून गमबुट घालून घरी चालत जातात. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रानातून गेलेला रस्ता ज्यांनी जुलैत पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कारण वेगळं, गत तीच.

त्या दिवसांत टोळी काय करते? बरंचसं काहीच नाही, आणि मला सगळ्यात शिकण्यासारखं हेच वाटतं. ओल्या रस्त्यावर ग्रेडर घातला तर तो आणखी रुततो, हे त्यांना माहीत आहे. जड वाहनांना बंदीचे फलक लावतात, लाकडाचे ट्रक थांबवतात, अगदी गिळायला उठलेल्या जागी मोठे दगड टाकतात आणि वाट बघतात. आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या बघत फिरतात. मोरीतला बर्फ वितळला नसेल तर पाणी रस्त्यावरून जाणार, म्हणून नळीत वाफ सोडून बर्फ फोडतात. एकजण वाफेचा पाइप आत सारतोय, दुसरा पलीकडच्या तोंडाशी वाकून पाणी आलं का बघतोय, आणि मग एकदम गढूळ लोट बाहेर येतो. हे काम कोणी फेसबुकवर टाकत नाही, पण ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी रस्ताच राहत नाही.

मे महिन्यात ग्रेडर निघतो. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, खडी दमट असताना, कारण कोरड्या खडीची नुसती धूळ होते आणि ती पुन्हा बसत नाही. पात्याचा कोन बघून चालक कडेला गेलेली खडी परत मधे ओढतो आणि मधला उंचवटा पुन्हा घडवतो. मध्यापासून कडेपर्यंत दर फुटाला साधारण अर्धा इंच उतार, डांबरी रस्त्यापेक्षा दुपटीने जास्त. आपले अभियंते त्याला कॅम्बर म्हणतात आणि त्यांच्या अंदाजपत्रकात तो असतोही. पाणी रस्त्यावर थांबता कामा नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. मग उन्हाळाभर चर साफ करणं, उतारावरच्या चरांना दगड लावणं, गंजलेल्या नळ्या बदलणं, कडेची झुडपं छाटणं. ऑक्टोबरात गळलेली पानं चरांतून काढणं. ती राहिली की पहिल्याच पावसात मोरीचं तोंड बंद.

म्हणजे बाराही महिने ही माणसं पाण्याच्या मागे असतात. बर्फ हे पाणी, चिखल हे पाणी, खड्डा हेही पाणीच. डांबराच्या भेगेतून आत शिरलेलं पाणी आणि त्यावरून गेलेलं चाक, खड्ड्याला एवढं पुरतं. इथे हे गोठून फुगतं, कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात सरळ धुऊन नेतं. म्हणून डांबरी की काँक्रीट या वादाचा मला कंटाळा येतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वर आली असेल आणि गटार बुजलं असेल, तर डांबर उखडतं. काँक्रीट उखडत नाही, ते पाणी शेजारच्या सोसायटीत पाठवतं.

आता अमेरिकेचे गोडवे गातेय असं वाटायच्या आत उलटी बाजू सांगते. या टोळीच्याने सगळं होत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पावसाने व्हरमाँटमधल्या १३ गावांचा रस्त्याने संपर्कच तुटला होता. जुलै २०२३ मध्ये पूर आला, राजधानी माँटपिलियर पाण्यात गेली, आणि बरोबर वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, पुन्हा तसाच पाऊस झाला. आधीच्या वर्षी दुरुस्त केलेले रस्ते काही ठिकाणी पुन्हा गेले. पूर्वीच्याच मापाची मोरी बसवली तर ती पुन्हा वाहून जाणार, हे फोरमनला कळतं, पण मोठी मोरी महाग आणि केंद्राच्या मदतीची कागदपत्रं वर्षानुवर्षं चालतात. ट्रक चालवायला माणसं मिळत नाहीत, कारण खासगी कंपनी जास्त पैसे देते आणि पहाटे तीनला उठवत नाही.

आणि या कामाचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावाची सभा भरते. मी अजून नागरिक नाही, त्यामुळे मला मत नाही, पण मागच्या बाकावर बसायला मनाई नसते. रस्त्यांचं अंदाजपत्रक ओळीने वाचलं जातं: मीठ, वाळू, डिझेल, नळ्या, ओव्हरटाइम. बर्फाचा नवा ट्रक अडीच लाख डॉलरच्या घरात जातो. तो या वर्षी घ्यायचा की जुनाच अजून दोन वर्षं ओढायचा यावर तासभर भांडण. फोरमन उभा राहून उत्तरं देतो, चेसिस कुठे गंजलंय ते सांगतो. एका आजोबांनी विचारलं, वरच्या आळीच्या रस्त्यावर एवढी खडी का टाकली, तिथे तर दोनच घरं. त्यालाही उत्तर मिळालं. आणि काही रस्त्यांची देखभाल हिवाळ्यात करायची नाही, हेही उघडपणे ठरलेलं असतं. माँटपिलियरने तर काही वर्षांपूर्वी परवडत नाही म्हणून उखडलेला डांबरी रस्ता खरवडून पुन्हा खडीचा केला. आपल्याकडे असा ठराव मांडणारा सरपंच पुढच्या निवडणुकीत दिसणार नाही.

दादाला मी हे सांगते तेव्हा तो ऐकून घेतो आणि मग सुनावतो. "तुझ्या अख्ख्या राज्यात साडेसहा लाख माणसं. आमच्या एकेका तालुक्यात अडीच-तीन लाख. महाराष्ट्रात रस्तेच तीन लाख किलोमीटरच्या वर आहेत. आणि घरपट्टी? आमच्याकडे घरपट्टी वाढवायचा ठराव कोण मांडणार, तू येणारेस का?" यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. इथली घरपट्टी ऐकली तर आमच्या आळीतली माणसं रस्ताच नको म्हणतील.

तरी मी माझा मुद्दा सोडत नाही, कारण तो व्हरमाँटहून आणलेला नाहीच. लहानपणी आमच्या फाट्यावरच्या रस्त्यावर मैलकुली होते. सार्वजनिक बांधकाम विभागाचे. घमेलं, फावडं, लाल फडकं बांधलेली काठी. एका ठरावीक तुकड्याची जबाबदारी ठरावीक माणसांवर, वर मुकादम. उन्हाळ्यात ते वडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारत, तेवढंच आम्हाला लक्षात राहिलं. पण मे महिन्यात ते साइडपट्ट्यांवर मुरूम टाकत, पावसाच्या आधी मोऱ्यांतला गाळ उपसत, आणि पावसात पाणी साचलं की फावड्याने कडेला वाट काढून देत. १९६७ च्या कालेलकर करारानुसार सलग पाच वर्षं काम केलेल्या रोजंदारी माणसांना रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेतलं जाई, म्हणजे ते रोजच्या रोज बदलणारे मजूर नव्हते. आपला तुकडा त्यांना तोंडपाठ असे. पुढे ही माणसं निवृत्त होत गेली, जागा भरल्या नाहीत, काम ठेक्याने देणं स्वस्त ठरलं. कागदावर.

आज खड्डा वाटीएवढा असताना काय होतं ते बघा. आमच्या गावचा रस्ता जिल्हा परिषदेचा. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, तो पंचायत समितीत जाणार, तिथून बांधकाम विभागात, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. तोवर वाटीची परात झालेली असते आणि पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून काम दिवाळीनंतर. दोष दायित्व कालावधीत, म्हणजे कामाच्या हमीच्या काळात, ठेकेदाराने स्वतः बुजवायचं असतं हे खरं, रस्त्याच्या कडेच्या फलकावर त्या तारखा लिहिलेल्याही असतात. पण कोणीतरी खड्डा बघून, नोंदवून, त्याला बोलावलं तर. तो बघणारा माणूस कुठे आहे? नुकसानभरपाईच्या निकालानेही तो जन्माला येत नाही. माणूस मेल्यावर कोणाकडून वसूल करायचं ते निकाल ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच, की जिल्हा परिषदेने पॅचवर्कवर जे पैसे दर हिवाळ्यात ठेक्याने घालवले जातात त्यातला एक भाग काढावा, आणि साधारण वीस-वीस किलोमीटरला तीन-चार कायम माणसांची टोळी द्यावी. एक ट्रॅक्टर-ट्रॉली, छोटा रोलर, एप्रिलमध्ये टाकलेला मुरमाचा साठा, आणि फाट्यावर फलकावर मुकादमाचा फोन नंबर. मंत्र्याचा फोटो लावायची हौस असेल तर तोही लावा, नंबर मात्र मोठ्या अक्षरात. नव्या रस्त्यांची घोषणा एक वर्ष थांबली तरी चालेल. काँक्रीटीकरण चालू राहू दे, पण गटारं उपसणारी माणसं नसतील तर त्या काँक्रीटचं पुढच्या पाच वर्षांत काय होतं ते पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून कळतंच आहे.

मागच्या आठवड्यात दादाला हे सगळं पुन्हा ऐकवलं. या वेळी तो हसला नाही, वहीत आकडे मांडले. माणसांचे पगार बसतात म्हणाला, ट्रॅक्टर भाड्याने मिळेल. "पण मुरूम?" गावच्या टेकाडावर मुरूम आहे, इथल्या गावांच्या स्वतःच्या खडीच्या खाणी असतात तसाच. मात्र तो गौण खनिज. एक ट्रॉली उचलायची तर तहसीलदाराची परवानगी, स्वामित्वधन, वाहतुकीचा पास. "गावच्या रस्त्याला गावचा मुरूम टाकला तर गुन्हा माझ्यावर," दादा म्हणाला, "त्याचं काय करायचं ते तुझ्या त्या फोरमनला विचार." विचारायला हरकत नाही, पण त्याला तहसीलदार म्हणजे काय हे समजावण्यातच माझा रविवार जाईल. त्यापेक्षा दादानेच येत्या १ मेच्या ग्रामसभेत मुरमाच्या परवानगीचा ठराव मांडावा असं मी सुचवलंय. तो विचार करतो म्हणालाय.