"सर्वे बंद करा, तेच पैसे मुलांना द्या" : या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही दिवस ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सोसायटीचे ग्रुप, पालकांचे ग्रुप, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, कुठेही बघा तो आहेच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्हणणं असं की शिक्षण आणि आरोग्याच्या योजनांचं मूल्यमापन, सर्वे, चाचण्या हा सगळा फुकटचा खर्च आहे, तेच पैसे थेट वह्या, टॅब, औषधं यांना द्या. काय उपयोगी पडतं ते डोळ्यांना दिसतंच. निम्म्या मुलांना देऊन निम्म्यांना न देता प्रयोग करणं हे पाप आहे. हे खूळ परदेशी विद्यापीठांचं आहे. सरकारकडे आकडे असतातच. शिक्षक आणि आशाताई आधीच कागदात बुडाल्यात. आणि शेवटी रिपोर्ट कपाटातच जातो.

मी घणसोली-रबाळे भागातल्या वस्तीत मुलांचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेते, त्यामुळे हा मेसेज वाचून नुसतं पुढे सरकणं मला जमलं नाही. ज्यांनी पाठवला त्यांना मुलांची काळजी आहे यात मला शंका नाही, आणि यातला एक मुद्दा तर पूर्ण खरा आहे, त्यावर येतेच. पण बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत आणि त्यामुळे नुकसान ज्यांच्यासाठी आपण हे सगळं बोलतोय त्याच मुलांचं होतं.

"तेच पैसे थेट वस्तूंना द्या."

वस्तू दिल्या म्हणजे शिक्षण झालं हे आपण गृहीत धरतो. केनियाच्या पश्चिम भागात १९९० च्या दशकात शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली, यापेक्षा निर्विवाद चांगलं काम कुठलं असणार, पण पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली तर सरासरी मार्कांत फरकच नव्हता. जी मुलं आधीच पुढे होती त्यांनाच फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा, बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. हे मोजलं नसतं तर पुढची वीस वर्षं तीच पुस्तकं वाटत राहिले असते.

टॅबचंही तसंच. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्याची मोठी योजना झाली, ३१८ शाळांचा अभ्यास केला, साधारण सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत काहीही फरक नाही. उलट दिल्लीत शाळा सुटल्यावरच्या केंद्रांमध्ये एक सॉफ्टवेअर वापरलं, जे आधी मूल नक्की कुठे अडलंय ते शोधतं आणि तिथून शिकवतं, मग ते मूल सातवीत असो नाहीतर नववीत, आणि साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली. दोन्हीकडे कॉम्प्युटरच होता. म्हणजे टॅब घ्यावा की नाही हा प्रश्नच नाहीये, त्यावर काय चालतंय आणि ते त्या मुलाच्या पातळीचं आहे का, हा प्रश्न आहे. आपल्याकडे एमआयडीसी बेल्टमधल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, दरवर्षी शाळांमध्ये येतो, वाटप होतं, फोटो निघतात, पण सहा महिन्यांनी त्या टॅबवर मूल काय करतंय हे बघायला कोणी येत नाही आणि त्यासाठी बजेटमध्ये रुपयाही ठेवलेला नसतो. मला खरी नासाडी ती वाटते.

"काय उपयोगी आहे ते डोळ्यांना दिसतंच."

नाही दिसत हो. आमच्या वर्गात चौथीची एक मुलगी येते, मराठीचं पुस्तक काढलं की कविता खडाखडा वाचते, आई कौतुकाने बघत बसते. एकदा बोट ठेवून वाच म्हटलं तर बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंडात तिसरी ओळ. कविता पाठ होती. मग तिला न पाहिलेल्या चार साध्या वाक्यांचा कागद दिला, "राधा बाजारात गेली" वगैरे, तर काना-मात्रेला अडखळायला लागली, जोडाक्षर आलं की गप्प. तिच्या वर्गातल्या बाईंना हे कळलं नव्हतं यात त्यांचा दोष मी काढणार नाही, पन्नासेक मुलांच्या वर्गात पाठ केलेलं आणि वाचलेलं कानाला सारखंच लागतं. तो एक कागद पुढे करायला पाच मिनिटं लागतात. असर नावाच्या सर्वेमध्ये २००५ पासून गावागावांत हेच करतायत, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, मूल कुठपर्यंत पोचतं ते बघायचं. पण असर ग्रामीण भागापुरता आहे, त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या गावांचं चित्र त्यात येतं, दिघा-तुर्भ्याच्या मुलांचं येत नाही.

डोळ्यांना काय दिसतं याचं अजून एक उदाहरण मुंबईचंच. २००१ च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेच्या बालसखींचा अभ्यास झाला. वस्तीतलीच दहावी शिकलेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, तिने मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी घ्यायची. मुलांच्या मार्कांत चांगली वाढ झाली, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. पण खरी गंमत पुढे आहे. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तर त्या वर्गात उरलेली मुलंही सुधारली असतील ना? आपण सगळे तेच म्हणतो, वर्गात गर्दी आहे म्हणून शिक्षण होत नाही. त्या उरलेल्या मुलांमध्ये जवळजवळ काही फरक पडला नाही. फायदा गर्दी कमी झाल्याचा नव्हता, मुलाला जिथे ते आहे तिथून शिकवण्याचा होता. नुसतं शाळेत जाऊन बघितलं असतं तर कोणीही उलटाच निष्कर्ष काढला असता आणि सगळा पैसा वर्ग वाढवण्यात घातला असता.

आरोग्यात पण हेच होतं. राजस्थानात उदयपूरजवळच्या गावांमध्ये बाळांचं पूर्ण लसीकरण फारच कमी होतं. सेवा मंदिर संस्थेने काही गावांत दर महिन्याला न चुकता लसीकरण शिबिर भरवलं, आणि काही गावांत शिबिर अधिक प्रत्येक डोसमागे एक किलो डाळ, सगळे डोस झाले की ताटं. अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळवाल्या गावांत ३९. डाळ वाटणं म्हणजे लाच, पैसे उधळणं, असं कोणीही म्हणेल. पण हिशोब केला तर दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण सिस्टर दिवसभर बसणारच होती, तिचा पगार लागणारच होता, डाळीमुळे तेवढ्याच दिवसात जास्त बाळं आली. हा हिशोब मनात होत नाही, त्यासाठी मोजावंच लागतं.

"निम्म्या मुलांना न देणं पाप आहे."

हा मुद्दा मनाला लागतो, म्हणून नीट बघू. बालसखीच्या अभ्यासात कुठली शाळा रिकामी ठेवली नव्हती. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, काहींना चौथीसाठी, आणि मग तिसरीची तुलना तिसरीशी. आणि प्रामाणिकपणे सांगा, पैसे सगळ्यांना पुरतील एवढे कधी असतात का? कोणी ना कोणी आधी आणि कोणी नंतर हे होतंच, फक्त आज ते ओळखीवर ठरतं, कोणाचा वॉर्ड, कोणाचा वशिला, कुठली शाळा मेन रोडवर आहे म्हणून पाहुण्यांना दाखवायला सोपी. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर मला ते जास्त न्याय्य वाटतं.

शिवाय, जे आपण देतोय ते चांगलंच आहे हे आधीच कसं ठरवलं? उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये बाळंतपणाच्या वेळची चेकलिस्ट आणि नर्सना सोबत राहून प्रशिक्षण यांचा मोठा अभ्यास झाला, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. नर्स हात धुणं, बाळाचं तापमान घेणं या गोष्टी आधीपेक्षा जास्त करायला लागल्या, सगळ्यांना वाटलं जमलं. पण २०१७ साली निकाल आला तेव्हा आई आणि बाळांचे मृत्यू कमी झालेले नव्हते. वाईट वाटणारा निकाल आहे. पण तो कळला म्हणून पुढचा प्रश्न विचारता आला की अजून काय कमी पडतंय.

"परदेशी खूळ."

गडचिरोली परदेशात नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, आणि शेजारच्या ४७ गावांत तुलनेसाठी फक्त जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. सुरुवातीला हजारी ६२ नवजात बाळं जायची, १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण २५ च्या आसपास आलं, तुलनेच्या गावांत ते साठच्या जवळच राहिलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि त्या नोंदींच्या जोरावर सरकारला पटलं. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, अशा बेचाळीस दिवसांपर्यंत जातात ते यातूनच आलं. कळव्यात किंवा दिघ्यात तुमच्या कामवाल्या मावशींच्या नातवाला बघायला आशाताई येतात ना, त्यामागे ही मोजलेली गावं आहेत. नुसतं "आमच्याकडे बाळं वाचतायत" असं सांगून हे देशभर गेलं असतं का?

"सरकारकडे आकडे असतातच."

असतात, आणि तिथेच घोळ आहे. मध्य प्रदेशात सरकारी चाचणीतले तेच प्रश्न त्याच मुलांना बाहेरच्या लोकांनी नंतर परत विचारले, तर बरोबर उत्तरं खूपच कमी निघाली. वर्गातल्या वर्गात, ज्याच्यावर निकालाची जबाबदारी त्यानेच पेपर घ्यायचा आणि त्यानेच तपासायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार.

कधी कधी तर कोणाची लबाडीही नसते. अंगणवाडीत बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवतात. रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा असतो, ते राहिलं की झोळीचं वजन बाळाच्या वजनात जातं आणि वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यातलं बाळ कागदावर हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात जातं. सेविका ताईंसमोर रडणारी बाळं, बाहेर रांग, मदतनीस खिचडी वाढतेय. मधूनमधून दुसऱ्या कोणीतरी येऊन दहा बाळांचं वजन परत घेतलं तर ही चूक लगेच सापडते, आणि ताईंना नोटीस न देता काटा दुरुस्त करून देता येतो.

आणि जे मूल यादीतच नाही त्याचं काय? दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलं सोबत जातात, चाचणीच्या दिवशी ती गैरहजर, म्हणून सरासरीतून बाहेर. सरासरी छान दिसते. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुलं बरीच होती. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात, आणि हा आकडा प्रत्येक गल्लीत लागतो, शहराच्या सरासरीत असून भागत नाही. ती मुलं शोधायला शेवटी घरोघरी सर्वेच करावा लागला. साथीच्या आधी केला असता तर?

"शिक्षक आणि आशाताई कागदात बुडाल्यात."

हा तो खरा मुद्दा. शंभर टक्के मान्य. एकच माहिती रजिस्टरमध्ये, मग ॲपमध्ये, मग व्हॉट्सॲपवर फोटो, मग मीटिंगला परत एक्सेल, आणि हे सगळं शिकवण्याच्या आणि घरभेटीच्या वेळेतून. यातून काहीच सुधारत नाही हेही तपासून झालंय. मध्य प्रदेशातच शाळांचं स्वतःचं मूल्यमापन करून सुधारणा आराखडा बनवायची योजना आली, शाळांनी आराखडे बनवले, फाइली तयार झाल्या, आणि अभ्यास केल्यावर दिसलं की शिकवण्यात काही बदललं नाही आणि मुलांच्या शिकण्यातही नाही. तरी ती योजना देशभर गेली. म्हणून माझं म्हणणं आहे की कागद कमी करा, जोरात मागणी करा, मी सही करते. पण त्या रागात मूल वाचतंय का हे बघणंच बंद करू नका. सगळ्या मुलांचं दर महिन्याला शंभर रकाने भरण्यापेक्षा थोड्या शाळा निवडून, बाहेरच्या माणसांकडून, वर्षातून दोनदा नीट बघितलं तर शिक्षकांचा वेळही वाचेल आणि आकडाही खरा येईल.

"रिपोर्ट कपाटातच जातो."

बरेच जातात, कारण ते योजना संपल्यावर येतात, इंग्रजीत येतात आणि देणगीदाराच्या ऑफिसात जातात. ज्या बाईंच्या वर्गात चाचणी घेतली त्यांना निकाल कधी कळतच नाही. हे बदलायला मोठं काही लागत नाही. तुमच्या मंडळाने, क्लबने किंवा कंपनीने ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत एखादी शाळा किंवा अंगणवाडी दत्तक घेतली असेल तर पैसे देतानाच तीन गोष्टी लिहून घ्या. जूनमध्ये, वाटपाच्या आधी, मुलं कुठे आहेत ते एका कागदावर बघायचं, गैरहजर मुलांच्या घरी जाऊन सुद्धा. दिवाळीच्या सुट्टीआधी परत बघायचं. आणि निकाल मराठीत, एका पानावर, आधी वर्गशिक्षिकेच्या हातात आणि पालकसभेत, म्हणजे फरक पडला नसेल तर दुसऱ्या सत्रात शिकवायची पद्धत बदलायला वेळ उरतो. घणसोली, रबाळे, ऐरोलीत कोणाला हे करायचं असेल तर वाचनाचा तो कागद कसा वापरायचा ते मी येऊन दाखवेन, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मला जमतं.