ब्रॅडनबाई आणि आमच्या वाचनालयाची दोन कपाटं

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचनालयावरून चांगलीच जुंपली. गावच्या वाचनालयाने जुन्या रहस्यकथांची दोन कपाटं रिकामी करायचं ठरवलंय. पुस्तकांना वाळवी लागलीय, पानं सुटलीत, वर्षानुवर्षं कोणी मागत नाही, आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना बसायला जागा हवीय. 'ते साहित्य नव्हेच, प्रवासात वाचायचा माल,' असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट नुसता हळहळतोय. तेवढ्यात एकाने मला मध्ये ओढलं : "तू सांग रे, तू लंडनला असतोस. तिकडे रहस्यकथा लिहिणाऱ्यांना केवढा मान!"

मी ट्विकनमला राहतो. रोजची गाडी रिचमंडवरून जाते. त्या रिचमंडमध्ये एक ऑडली रोड आहे. बरीच वर्षं मला वाटायचं, कुठल्या तरी सरदाराचं नाव असेल. ते निघालं एका कादंबरीतलं. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन या बाईंची 'लेडी ऑडलीज सीक्रेट' १८६२ साली तीन खंडांत आली आणि तुफान चालली. प्रकाशक टिन्स्लीने त्या कमाईवर बार्न्सला बंगला बांधला आणि त्याला 'ऑडली लॉज' नाव दिलं. बार्न्सही माझ्याच गाडीच्या वाटेवर. पण मित्राला वाटतं तसा हा मान नव्हे. रिचमंडमधल्या त्या रस्त्यांची नावं बाईंच्या नवऱ्यानेच ठेवली, कारण ती वसाहत उभी करणारा तोच होता. बाई राहत त्या लिचफील्ड हाउसच्या जागी १९३०च्या दशकात फ्लॅट उठले. चर्चमध्ये त्यांच्या नावाची एक पाटी आहे, इतकंच.

मान सोडा, बाईंना शिव्याच जास्त पडल्या. १८६३ मध्ये मॅन्सेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने या 'सनसनाटी' कादंबऱ्यांना एका लेखात झोडपलं : हे लेखन बुद्धीला नव्हे, मज्जातंतूंना हात घालतं. १८६५ मध्ये फ्रेझर रे नावाच्या समीक्षकाने तर कमाल केली. ब्रॅडनबाईंनी म्हणे स्वयंपाकघरातलं वाङ्मय दिवाणखान्याच्या आवडीचं करून टाकलं. पुस्तक वाईट आहे एवढ्यावर त्याचं भागत नाही. मोलकरीण आणि मालकीण एकच गोष्ट वाचतायत, याचा त्याला ठसका लागलाय. आमच्या ग्रुपवरच्या 'प्रवासात वाचायचा माल'चा वास मला थेट तिथून आला.

आणि गोष्ट तरी कसली, तर निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या, बाहुलीसारख्या बाईची. नवरा तिला तान्ह्या पोरासकट सोडून ऑस्ट्रेलियात सोनं शोधायला जातो. ती नाव बदलते, शिकवणीची नोकरी धरते, गावच्या श्रीमंत म्हाताऱ्या सरदाराशी लग्न करते. नवरा परत येतो तेव्हा त्याला विहिरीत ढकलते. पुढे मागावर असलेल्या माणसाला जाळून मारायला खाणावळीला आग लावते. शेवटी तिला वेडी ठरवून बेल्जियममधल्या वेड्यांच्या घरात टाकतात. पण त्याआधी तिला तपासायला आलेला डॉक्टर आधी म्हणतो, ही वेडी नाही. घर सोडलं कारण घर सुखाचं नव्हतं, दुसरं लग्न केलं कारण त्यात फायदा होता, यात वेड कुठलं? तो प्रसंग मी गाडीत वाचला आणि बार्न्स कधी गेलं कळलं नाही.

बाईंच्या घरचं चित्रही फार वेगळं नव्हतं. ऐन तारुण्यात पोटासाठी नाटकात कामं केली, तीही दुसऱ्या नावाने. मग जॉन मॅक्सवेल या प्रकाशकाबरोबर राहू लागल्या. त्याची पहिली बायको जिवंत होती, वेडाच्या आजारामुळे दूर ठेवलेली. ती १८७४ मध्ये वारली तेव्हा कुठे यांचं रीतसर लग्न झालं. तोवर त्याची पाच मुलं आणि स्वतःची सांभाळून बाई लिहीतच होत्या. एकूण ऐंशीच्या वर कादंबऱ्या! आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा आकडा हजाराच्या पुढे गेला, म्हणून ऐंशीचं आपल्याला काही वाटणार नाही. पण ऐंशी म्हणजे ऐंशी.

तेव्हाचा इंग्रज वाचकही पुस्तकं विकत घेत नव्हता, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. तीन खंडांची किंमत साडेएकतीस शिलिंग, कोणाला परवडणार? लोक मूडीच्या लायब्ररीची वर्षाची एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी भरून एकेक खंड घरी नेत. मागणी ओसरली की मूडी त्याच प्रती स्वस्तात विकून टाकी. थोडक्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीचीच चाल, फक्त कपाटं जास्त. त्यामुळे लाखोंनी वाचलेल्या लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या पुढे दुर्मीळ झाल्या. हार्वर्डचे इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट ली वुल्फ यांना त्या जमवण्याचा नाद होता. त्या जमवता जमवता १९७९ मध्ये त्यांनी ब्रॅडनबाईंचं चरित्र लिहिलं. स्त्रीवादी अभ्यासकांनीही त्याच सुमारास बाईंना पुन्हा वाचायला काढलं. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या अभिजात मालेत 'लेडी ऑडली' आली. स्वयंपाकघरातून निघून तिथे पोचायला सव्वाशे वर्षं लागली.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं ते असं : ते साहित्य आहे की नाही, हे आत्ता ठरवूच नका. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरीसुद्धा रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनवरच्या चटकदार कादंबरीवर बेतलेली होती, आणि त्या रेनॉल्ड्सला इथे कोणी शिष्टसंमत म्हणत नव्हतं. निकाल उद्याचा वाचक लावेल, पण त्याच्या हातात प्रत तर पडली पाहिजे. प्रकाशकांनी ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना प्रती पाठवण्याचा १९५४ चा कायदा आहे, ठाऊक आहे मला. एक-दोन रुपयांची पुस्तकं काढणाऱ्या प्रत्येकाने तो पाळला असेल, या भरवशावर मी तरी कपाट रिकामं करणार नाही. मुलांना जागा हवी हेही खरंच. मग यादी करा, एकेक प्रत बाजूला काढा, बाकीची द्या खुशाल. वाळवीच्या औषधाचे पैसे मी पाठवतो.

यावर "तिकडे बसून सांगणं सोपंय" असं आलं. बरोबर आहे. मी तिथे असतो तर कपाट उचलायलाही गेलो नसतो कदाचित.

चार दिवसांनी आईचा फोन आला. ती वाचनालयात जाऊन रद्दीच्या गठ्ठ्यातून तीन पुस्तकं घेऊन आली होती. तिने व्हिडिओवर एक उघडून दाखवलं. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के, ओळीने, एकावर एक चढलेले. आणि नवव्या पानाच्या समासात कोणीतरी बारीक पेन्सिलीने लिहिलंय : 'खून डॉक्टरने केलाय.' खाली वेगळ्या अक्षरात, शाईने : 'गाढवा.'