म्हणे, ‘गोवर होऊन गेलेलाच बरा’

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘गोवर अंगावर निघाला की मूल जन्मभर सुरक्षित. लशीची प्रतिकारशक्ती कच्ची, टोचलेल्यांनाही गोवर होतोच. शिवाय एवढ्या लशींचा बाळाच्या अंगावर ताण येतो.’

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. १८४६ मध्ये फेरो बेटांवर साथ आली तेव्हा पानुम या डॅनिश डॉक्टरला आढळलं, की १७८१ च्या साथीत गोवर झालेले म्हातारे यातून सुटले. तब्बल ६५ वर्षांनी! पण या संरक्षणाची किंमत मेसेजात नाही. आधी भेटलेले जंतू लक्षात ठेवणाऱ्या ज्या स्मृतिपेशी, नेमक्या त्यांच्यातच गोवराचा विषाणू शिरतो आणि त्यांचा फडशा पाडतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (जंतूंना अडवणारी रक्तातली प्रथिनं, अँटीबॉडीज) नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर तेवढा लक्षात राहिला, बाकी पाटी बरीचशी कोरी. गोवरातून उठलेलं मूल पुढे न्यूमोनियाने, हगवणीने का आजारी पडत राहतं, त्याचं एक कारण हे. लशीत हाच विषाणू दुबळा करून घातलेला असतो. बी आणि टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याची ओळख पटवून घेतात, पण जुनी प्रतिपिंडं पुसली जात नाहीत.

‘टोचलेल्यांनाही होतो’ हे आकडेमोडीतलं फसवं वळण. दोन डोस शंभरांतल्या साधारण ९७ जणांना वाचवतात. समजा, शाळेत शंभर मुलं. ९५ जणांचे दोन्ही डोस झालेत, पाच जणांचा एकही नाही. साथ सगळ्यांपर्यंत पोचली तर टोचलेल्यांतली तिघं आजारी पडतील, न टोचलेली बहुधा पाचही. मेसेजवाला ‘आठांत तीन टोचलेले’ एवढंच सांगणार.

ताणाचं म्हणाल तर रांगतं बाळ जे जे तोंडात घालतं, त्यातल्या जंतूंपुढे लशींतले घटक किरकोळ.

२०२२ मध्ये गोवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लस राहून गेलेली मुलंच जास्त सापडली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर ओसरलेली असतात, म्हणून नऊ महिने थांबायचं. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळतो.