रविवार काय फुकटात मिळाला?

निखिल मागच्या महिन्यात असिस्टंट मॅनेजर झाला आणि तेव्हापासून कर्वे पुतळ्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर त्याची भाषाच बदलली. पूर्वी "वेळ नाही रे" म्हणायचा, आता "बँडविड्थ नाही" म्हणतो. शुक्रवारी रात्री फोन चहाच्या ग्लासाशेजारी उताणा ठेवून बसला होता. रविवारच्या राजगडाचं ठरत होतं. पक्याने विचारलं, "गाडी कुणाची?" तर हा म्हणतो, "मला गृहीत धरू नका, रविवारी डिप्लॉयमेंट आहे. आणि खरं सांगू? या वयात आठवड्याला सत्तर तास नाही घातले तर कधी घालणार? इन्फोसिसचे नारायण मूर्ती बोलले त्यात चूक काय होतं?"

झालं! 2023 च्या दिवाळीपासून हा विषय आमच्याकडे विझलेलाच नाही, नुसती राख चढते.

मेधाने ग्लास खाली ठेवला. मेधा सीए. सप्टेंबर महिना तिने उजेडात घर पाहून काढलाय असं कधी होत नाही. तासांचा हिशेब तिच्याइतका आमच्यात कुणालाच कळत नाही.

"सत्तर ना? कर भागाकार. सहा दिवस धरले तर रोजचे अकरा तास चाळीस मिनिटं. तू कोथरूडहून हिंजवडी फेज तीनला जातोस, वाकडच्या पुलाशी अडकतोस, जाऊन-येऊन तीन तास. सात तास झोप. उरले दोन तास वीस मिनिटं. त्यात अंघोळ, दोन्ही वेळचं जेवण, आईशी बोलणं आणि इस्त्री."

"इस्त्री मी बाहेर टाकतो."

"मग दहा मिनिटं वाढवून दिली."

सुश्या बँकेत आहे आणि त्याला आठवड्याला नव्वद तास काम करा म्हणणाऱ्या एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचा जास्त राग आहे. "बायकोकडे किती वेळ बघत बसणार म्हणे! 2023-24 ला त्या माणसाला 51 कोटी मिळाले. मला द्या 51 कोटी, मी बायकोकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही."

"आधी कुणीतरी तुझ्याकडे बघू दे," पक्या म्हणाला. सुश्याच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांचा विषय निघाला की दहा मिनिटं जातात, तशी गेली.

निखिल थांबून राहिला होता. "हसा तुम्ही. देश असा नाही उभा राहत. जर्मनी बघा. युद्धानंतर लोकांनी रात्रंदिवस राबून उभा केला."

"तुझी ताई जर्मनीतच आहे ना?" मेधा म्हणाली. "विचार तिला, रविवारी दूध आणायला कुठे जाते. तिथे रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात."

ताई शनिवारीच दूध भरून ठेवते हे निखिलनेच आम्हाला कधीतरी सांगितलं होतं. तो फोनकडे बघायला लागला.

मग मेधाने जे सांगितलं ते मला नीट लिहून ठेवायचंय. ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं रविवार कॅलेंडरसोबत आला. रविवार काय फुकटात मिळाला? नारायण मेघाजी लोखंडे. नाव ऐकलंय कुणी?"

सुश्या उसळला. "आमच्या खेड तालुक्यातले! मूळ गाव कन्हेरसर."

"मग तुला तरी लाज वाटायला हवी. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. सुटीचा ठरलेला दिवस नाही. जेवायला अर्धा तास मिळावा, एवढंसुद्धा मागून घ्यावं लागत होतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस, 'दीनबंधु' वर्तमानपत्र चालवायचा. 1884 ला त्याने परळला कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांनी मागण्यांच्या अर्जावर सह्या आणि अंगठे दिले. पहिली मागणी काय? आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुटी. मालक ऐकेनात. सहा वर्षं हा माणूस मागे लागला, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आणि आज एसीत बसून तू ती परत करायला निघालास, तेही कुणी न मागता!"

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. रविवारी सकाळी ते भजनाला जायचे आणि दुपारी आम्हा नातवंडांना घेऊन राणीच्या बागेत. त्या दुपारींमागे साडेपाच हजार लोकांच्या सह्या होत्या, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात लोखंड्यांना एखादी ओळ मिळाली असेल तर असेल. त्यांचा धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

निखिलने नवा मुद्दा काढला. "त्या गिरण्या होत्या. मी ओनरशिप घेतो. मला कुणी बळजबरी करत नाही."

"कसली ओनरशिप? शेअर दिलेत का तुला?" मेधाचा आवाज आता चढला होता. "ऐक. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे. 2025 ला सरकारने दिवसाचे नऊचे दहा तास केले, पण आठवड्याचे 48 तसेच ठेवले. त्यावर राबवलं तर दुप्पट पैसे. आता हा कायदा कुणाला लागू नाही? मॅनेजर आणि सुपरवायझर पदावरच्या लोकांना. तुला मॅनेजर केलं तेव्हा पगार किती वाढला?"

निखिल काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने."

"आठ टक्के."

"आठ टक्क्यांत त्यांनी तुझं ओव्हरटाइमचं मीटर काढून नेलं रे, सोन्या."

पक्या एवढा हसला की त्याला ठसका लागला. पण पक्याचंही म्हणणं होतं. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांकडून आलेलं. "मेधे, तुमचं ठीक आहे. मी सकाळी नऊला शटर वर करतो, रात्री नऊला खाली. मला कोण दुप्पट देतं?"

"तुझ्या दुकानातला पोरगा किती वाजता जातो?"

"सातला. त्याची रात्रशाळा असते. बारावीला बसलाय."

"तू सोडतोस?"

"सोडतो म्हणजे? नाही गेला तर मीच ओरडतो. पास झाला पाहिजे ना!"

"मग तुझ्याशी माझं भांडण नाही," मेधा म्हणाली आणि पक्या उगाचच लाजला. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वाक्य पक्याचं होतं, पण त्याला ते सांगून उपयोग नाही, महिनाभर डोक्यावर बसेल.

मेधा स्वतः शनिवारी सदाशिव पेठेत मोडीच्या वर्गाला जाते. निखिलने तिथेही बोट घातलं. "आणि हिचा रिकामा वेळ जातो कुठे, तर मोडी शिकण्यात! त्याचा आरओआय काय?"

तिने वही काढली. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायची. शब्द कुठे तुटला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. शाई दोन ठिकाणी फिसकटली होती. आम्ही चौघं त्या ओळीवर वाकलो आणि एकालाही पहिला शब्द लागला नाही. तिने वाचून दाखवलं. कुणा पाटलाने बैल हरवल्याची तक्रार केली होती. पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून पडलेत, वाचणारे कमी.

सुश्या म्हणाला, "2023 ला कुणबी नोंदी शोधत होते तेव्हा मोडीवाल्यांना केवढा भाव आला होता! तू तेव्हाच शिकायला हवं होतंस."

"भाव आला म्हणून शिकत नाही मी," मेधा म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद बघते. आठवड्यातले दोन तास मला कुणाचातरी हरवलेला बैल बघायचाय. एवढंही नको? 2024 ला, कामाच्या ताणाने मुलगी गेली म्हणणाऱ्या, पुण्यातल्या त्या तरुण सीएच्या आईचं पत्र सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं, तेव्हा निखिल, तूच मला रात्री मेसेज केला होतास ना, मेधा घरी पोचलीस का म्हणून?"

निखिल मान खाली घालून म्हणाला, "केला होता." मग त्याने फोन उचलून खिशात टाकला. आमचा निखिल वाईट नाही, त्याला कुणीतरी "हाय पोटेन्शियल" म्हटलंय एवढंच.

पक्याला असली शांतता झेपत नाही. "मागच्या राजगडाला पद्मावती तलावापाशी लॅपटॉप उघडून बसला होतास, आठवतंय? आम्ही सुवेळा माचीवरून परत आलो तरी हा 'हॅलो, ऑडिबल का?' करतोय. जागतिक वारसा यादीत गड गेला, हा म्यूटवर!"

"आणि माझ्या वाटणीचं पिठलं तू खाल्लंस!"

"थंड झालं होतं."

"दोन भाकऱ्याही थंड झाल्या होत्या?"

पिठल्यावरून जुनं सगळं वर आलं. सुश्याने सोसायटीच्या मॅचमधला तो रनआउट काढला, मग पेट्रोलच्या पैशांचा हिशेब निघाला आणि तो हिशेब मात्र सीए बाईंनाही जुळवता आला नाही. शेवटी मेधाने फर्मान काढलं, "निखिल येतोय. डिप्लॉयमेंट त्याच्या टीमला जमेल. लॅपटॉप चहावाल्या काकांकडे जमा करायचा, खाली गुंजवण्यापर्यंतसुद्धा न्यायचा नाही."

काका गल्ल्यावरून ओरडले, "माझ्याकडे काही ठेवायचं नाही! पावसाळ्यात ठेवलेली छत्री अजून इथेच आहे तुमची."

"माझी!" निखिल, पक्या आणि सुश्या एकदमच म्हणाले.