लिंकरला यादी दिली की झालं, मग हेडरमध्ये मॅक्रो कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेअर्ड लायब्ररीतले (प्रोग्रॅम चालताना जोडून घेतात अशा तयार कोडमधले) सिम्बॉल, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलची नावं, झाकण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद लिहिलंत. प्रतिक्रियांच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

लेख न वाचलेल्यांसाठी दोन्ही बाजू थोडक्यात. मी म्हटलं होतं की जीसीसी आणि क्लँग या कंपाइलरना ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ देऊन सगळं झाकावं, आणि जे बाहेर द्यायचं तेवढ्याच्याच पुढे हेडरमध्ये एक्स्पोर्टचा मॅक्रो लावावा. तुमचं म्हणणं असं: ही विंडोजची रड लिनक्सवाल्यांच्या गळ्यात का? मॅक्रोंनी हेडर वाचवत नाहीत. लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) एक व्हर्जन स्क्रिप्ट, म्हणजे बाहेर द्यायच्या नावांची यादी, दिली की तेच काम होतं. वर एलडी-प्रीलोडने (आपली लायब्ररी आधी लोड करून) फंक्शन बदलण्याची सोय जाते, टेस्टना आतली फंक्शन्स सापडत नाहीत, आणि लायब्ररी लोड होण्याचा वेळ सहा मिनिटांवरून आठ सेकंदांवर आल्याचा मी दिलेला आकडा जुनापुराणा आहे.

आकड्यापासून सुरुवात करू. तो जुना आहेच. मी तो जीसीसीच्या विकीवरून घेतला होता. २००५ साली जीसीसी ४.० मध्ये हा पर्याय आला त्या काळातलं, बूस्ट-पायथनच्या टेम्प्लेटांनी फुगलेल्या एका लायब्ररीचं ते उदाहरण आहे. तुमची लायब्ररी त्या जातीची नसेल तर असा चमत्कार दिसणार नाही. पण दुखण्याचं मूळ अजून तेच आहे, आणि त्यासाठी नवं उदाहरण हवं तर पायथनचंच घ्या. २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये, शेअर्ड लायब्ररी म्हणून आणि ऑप्टिमायझेशनसह बांधताना, जीसीसीला ‘-एफनो-सिमँटिक-इंटरपोझिशन’ देणं सुरू झालं आणि वेग ३० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं त्यांनीच जाहीर केलं. तो पर्याय व्हिजिबिलिटीचा नाही हे मान्य. पण तो जी अडचण दूर करतो ती हीच: बाहेर दिसणारं फंक्शन दुसरं कोणीतरी बदलेल, या भीतीने कंपाइलर हात आखडता घेतो.

तुमच्या व्हर्जन स्क्रिप्टचं घोडं नेमकं इथे अडतं. ईएलएफमध्ये (लिनक्सच्या बायनरी फाइलींच्या स्वरूपात) डीफॉल्ट व्हिजिबिलिटीचं फंक्शन चालवताना कोणीही बदलू शकतं. त्यामुळे ‘-एफपीआयसी’ (शेअर्ड लायब्ररीचा कोड कुठल्याही पत्त्यावर चालावा म्हणून द्यायचा पर्याय) लावून कंपाइल करताना जीसीसी असं साधं फंक्शन त्याच फाइलमध्ये वापरलेलं असलं तरी इनलाइन करत नाही (कॉलच्या जागी त्याचा कोडच घालत नाही) आणि त्याच्या आत डोकावून काही गृहीत धरत नाही. तुमची स्क्रिप्ट येते ती हे सगळं उरकल्यावर, लिंकरच्या हातात. म्हणजे वरातीमागून घोडं. लिंकर अगदीच हतबल असतो असं नाही. लोकल ठरलेल्या फंक्शनचा पीएलटीमधून (उड्यांच्या तक्त्यातून) जाणारा कॉल तो थेट करतो, एक्स८६-६४ वर जीओटीतून (पत्त्यांच्या तक्त्यातून) होणारी काही वाचनंही सरळ करतो. पण न झालेलं इनलाइनिंग त्याला परत आणता येत नाही. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (जोडताना सगळा कोड एकत्र पाहून केलेली सुधारणा) लावलंत तर चित्र बदलतं, पण त्यावर विसंबून हेडर आखायचं का, हे तुम्हीच ठरवा.

विंडोजवर तर हा प्रश्न लायब्ररीपुरता राहतच नाही, वापरणाऱ्याच्या कोडपर्यंत जातो. एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर) मुळात सगळं झाकूनच ठेवतं. डेफ फाइलमध्ये नावं लिहून एक्स्पोर्ट करता येतं, आणि सीमेक या बिल्ड-साधनाकडे सगळंच आपोआप एक्स्पोर्ट करण्याची सोय ३.४ पासून आहे. फंक्शनचं त्यावर भागतं: वापरणाऱ्याने डीएलएलइम्पोर्ट (‘हे डीएलएलमधून, म्हणजे विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीतून येतं’ ही खूण) लिहिलं नाही तरी इम्पोर्ट लायब्ररीतली एक छोटी उडी मारून कॉल पोचतो. ग्लोबल व्हेरिएबलचं भागत नाही. डीएलएलइम्पोर्ट नसेल तर कंपाइलर थेट पत्त्याचा कोड काढतो आणि लिंकर ‘सिम्बॉल सापडत नाही’ म्हणून थांबतो. क्लासचा स्टॅटिक मेंबरही यातच आला. ही माहिती वापरणाऱ्याच्या कंपाइलरला कुठून मिळणार? हेडरमधूनच. शिवाय ती बांधताना एक, वापरताना दुसरी, आणि स्टॅटिक लायब्ररी असेल तर दोन्ही नाही, अशी तिहेरी. मॅक्रो एवढ्यासाठीच लागतो. आणि ‘सगळंच एक्स्पोर्ट करू’ म्हणाल, तर एका डीएलएलमधून ६५,५३५ पेक्षा जास्त सिम्बॉल देता येत नाहीत. टेम्प्लेटांनी भरलेल्या मोठ्या सी++ प्रकल्पात ही मर्यादा वाटते तितकी लांब नसते.

जाता जाता मिनजीडब्ल्यूची (विंडोजसाठीच्या जीसीसीची) एक खोड. काहीच सांगितलं नाहीत तर त्याचा लिंकर विंडोजवरही सगळं एक्स्पोर्ट करतो. पण एका जरी फंक्शनला डीएलएलएक्स्पोर्ट लावलंत की बाकीचं आपोआप जाणं बंद. कोणीतरी एक ओळ वाढवतो आणि दुसरीकडे भलतीच पन्नास फंक्शन्स गायब होतात. कारण शोधताना दिवस जातो.

तरीही, तुमची लायब्ररी शुद्ध सी ची असेल आणि लिनक्सपुरतीच असेल, तर तुमच्याशी माझं भांडण जवळपास मिटतं. यादी लहान, नावं सरळ, आणि व्हर्जन स्क्रिप्ट एक गोष्ट देते जी मॅक्रो देऊच शकत नाही: सिम्बॉलच्या आवृत्त्या. ग्लिबसीने (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीने) एक्स८६-६४ वर २.१४ मध्ये मेमकॉपीची नवी आवृत्ती आणली, तरी जुन्या प्रोग्रॅमना जुनी मिळत राहिली, ती याच्याच जोरावर. अशा ठिकाणी मी दोन्ही वापरतो.

सी++ आलं की यादी सांभाळणं जिकिरीचं होतं. व्हर्जन स्क्रिप्टमध्ये मँगल केलेली (कंपाइलरने टाइपची माहिती गुंफलेली) नावं लिहा किंवा सी++ चा वेगळा ब्लॉक उघडून उलगडलेली लिहा. डेफ फाइलला एमएसव्हीसीच्या पद्धतीने मँगल केलेली नावं लागतात, ती पूर्ण वेगळी. मॅकच्या एक्स्पोर्ट यादीत नावं ईएलएफसारखीच, पण पुढे आणखी एक अंडरस्कोअर. एका आर्ग्युमेंटचा टाइप बदला की तीन फाइली उघडा. त्यातून टायपो झाला तर जीएनयूचा लिंकर स्क्रिप्टमधल्या नसलेल्या नावाबद्दल आपणहून चकार शब्द काढत नाही. एलएलडी (एलएलव्हीएमचा लिंकर) आवृत्ती १६ पासून त्याला चूक मानतो, हे बरं झालं. मॅक्रो दिसायला ओंगळ असेल, पण तो डिक्लेरेशनला चिकटलेला असतो. नाव बदललं तरी तो सोबत जातो.

आता एक मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण काढायला हवा होता, कारण सगळं झाकण्याविरुद्धचा सर्वांत दमदार युक्तिवाद तो आहे: एक्सेप्शन. लायब्ररीतून फेकलेलं एक्सेप्शन बाहेर पकडायचं तर दोन्हीकडच्या टाइपइन्फो (टाइपची ओळख सांगणाऱ्या नोंदी) एकच आहेत हे रनटाइमला पटावं लागतं. क्लास हिडन राहिला तर प्रत्येक लायब्ररीत टाइपइन्फोची वेगळी प्रत तयार होते. जीसीसी ४.५ पासून लिबएसटीडीसी++ (जीसीसीची सी++ लायब्ररी) पत्त्यांसोबत नावंही ताडून पाहतं, म्हणून लिनक्सवर बहुतेकदा निभावतं. इंटेल मॅकवर लिबसी++ (क्लँगसोबतची सी++ लायब्ररी) फक्त पत्ते पाहतं. तिथे तुमचा कॅच कोरडा राहतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. एमएसव्हीसी नावंही जुळवतं, म्हणून त्याला ही चिंता नाही. उलट त्याच्यावर अख्खा क्लास एक्स्पोर्ट केला तर व्हेक्टरसारख्या प्रत्येक मेंबरसाठी सी४२५१ ची वॉर्निंग मिळते आणि नको ती फंक्शन्सही बाहेर जातात. म्हणजे एकीकडे क्लासवर खूण हवी, दुसरीकडे नको.

यावर बूस्ट या सी++ लायब्ररी-संग्रहाने काढलेली वाट मला पटते. एक्स्पोर्टचा मॅक्रो वेगळा, आणि ‘बूस्ट_सिम्बॉल_व्हिजिबल’ हा वेगळा. दुसरा जीसीसी-क्लँगवर टाइपला दृश्य ठेवतो आणि एमएसव्हीसीवर रिकामा असतो. एक्सेप्शनचे आणि डायनॅमिक-कास्टसाठी सीमेपलीकडे जाणारे क्लास दुसऱ्याने खुणवायचे, फंक्शन्स पहिल्याने.

एलडी-प्रीलोडबद्दल: मॅलॉक बदलायचं असेल तर काहीच बिघडत नाही, ते ग्लिबसीचं बाहेर दिलेलं फंक्शन आहे. तुमची स्वतःची जाहीर फंक्शन्सही दिसतातच. जाते ती आतल्या फंक्शनमध्ये बाहेरून घुसण्याची सोय, आणि ती भरवशाची कधीच नव्हती. क्लँग ‘-एफपीआयसी’ असतानाही डीफॉल्ट व्हिजिबिलिटीचं फंक्शन त्याच फाइलमध्ये इनलाइन करून मोकळा होतो. जीसीसीवर चालणारी युक्ती तिथे गुपचूप निष्फळ ठरते. ग्लिबसी स्वतःसुद्धा आतले कॉल झाकूनच करते. तुम्ही ओपन बदललंत म्हणून एफओपन तुमच्याकडे येत नाही.

‘मग प्रोटेक्टेड व्हिजिबिलिटी का नको?’ हा मधला मार्ग (नाव बाहेर दिसतं, पण लायब्ररीच्या आतला वापर बाहेरून बदलता येत नाही) कागदावर सुरेख आहे. पण मुख्य प्रोग्रॅमने ‘कॉपी रिलोकेशन’ने व्हेरिएबलची प्रत स्वतःकडे ओढली की लायब्ररी एक प्रत वाचते आणि प्रोग्रॅम दुसरी. क्यूटी ५ या सी++ लायब्ररीने आतले कॉल लायब्ररीतच बांधून टाकण्याचा असाच एक डाव खेळला होता. जीसीसी ५ नंतर त्यांना सांगावं लागलं की वापरणाऱ्यांनीही ‘-एफपीआयई’ (मुख्य प्रोग्रॅमसाठीचा तसाच पर्याय) नव्हे, ‘-एफपीआयसी’ लावूनच कंपाइल करावं. नाही तर हेडरच एरर देतं. आपल्या लायब्ररीसाठी दुसऱ्याने कोणता फ्लॅग लावावा हे सांगण्याची वेळ माझ्यावर यावी, असं मला वाटत नाही.

टेस्टचा प्रश्न सोपा आहे. ऑब्जेक्ट फाइली एकदाच बांधा, शेअर्ड लायब्ररीला त्या द्या आणि टेस्टलाही थेट त्याच द्या. ते जमत नसेल तर क्यूटीकडे ‘क्यू_ऑटोटेस्ट_एक्स्पोर्ट’ आहे तसा, फक्त डेव्हलपर बिल्डमध्ये जागा होणारा मॅक्रो ठेवा.

तुमच्या चालू लायब्ररीत हे कसं आणायचं, असंही शेवटी विचारलंत. आधी ‘एनएम -डी’ चालवून आज काय काय बाहेर दिसतंय ते पाहा. त्यात झेडलिबसारखी तुम्ही स्टॅटिक जोडलेली परकी फंक्शन्स दिसली तर पहिलं काम तेच. तुमचा झेडलिब आणि दुसऱ्या प्लगइनचा झेडलिब एकाच प्रोसेसमध्ये आले की कोणाचं फंक्शन कोणाला मिळेल हे लोड होण्याच्या क्रमावर ठरतं. ‘-एफव्हिजिबिलिटी’ याला पुरत नाही, कारण ती लायब्ररी आधीच कंपाइल झालेली असते; लिंकरला ‘--एक्स्क्लूड-लिब्स=ऑल’ द्या, किंवा तुमची लाडकी व्हर्जन स्क्रिप्ट. मग हेडरमध्ये मॅक्रो, त्यानंतर हिडन. पूर्वी दिसणारं एखादं फंक्शन यात झाकलं जाणार असेल आणि ते बाहेर कोणी वापरत असण्याची शक्यता असेल, तर एसओनेममधला (लायब्ररीत नोंदलेल्या तिच्या नावातला) आकडा वाढवूनच प्रसिद्ध करा.